बोटीच्या तळाला पोचा आलाय? डेंटिंगच्या दुकानासाठी एक नवं काम



लोणार, मेहकर, सुलतानपूर, रिसोड, कुठेही जा. बसस्टँडपासून थोडं पुढे गेलं की डेंटिंग-पेंटिंगचं एखादं दुकान दिसतंच. जीपचा दरवाजा, ट्रॅक्टरचं मडगार्ड, टेम्पोची बॉडी, सगळं तिथे सरळ होतं. आजचा प्रश्न असा: ज्या हाताला पत्रा सरळ करता येतो, त्या हाताला ॲल्युमिनियमच्या सपाट तळाची बोट दुरुस्त करता येईल का?

येईल. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. ग्राहक तुम्हाला पोचा दाखवतो, पण पैसे देतो ते बोट पुन्हा भरवशाने पाण्यात उतरावी म्हणून. जीपचं मडगार्ड थोडं वाकडं राहिलं तर फक्त वाईट दिसतं. बोटीचा एक रिव्हेट सैल राहिला तर धरणाच्या मध्यावर पायाखाली पाणी येतं. २१ मे २०२४ ला उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. तिथे कारण वादळी वारा होतं, दुरुस्ती नव्हे. पण पाणी दुसरी संधी देत नाही, एवढं त्यावरून समजून घ्या. म्हणून हे काम शिकायचं तर पूर्ण शिकायचं.

काम मिळेल कुठून?

खरं सांगतो, फक्त बोटीवर दुकान चालणार नाही. आपल्या भागातल्या जलाशयांत लाकडी, लोखंडी पत्र्याच्या आणि फायबरच्या बोटी जास्त दिसतात. ॲल्युमिनियमची बोट त्यामानाने कमी. पण ती हलकी असते (ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश), सपाट तळामुळे उथळ पाण्यात चालते आणि लहान असेल तर दोन-तीन माणसं उचलून ट्रॉलीवर ठेवतात.

तुमचे ग्राहक तीन प्रकारचे. पहिला, जलाशयात मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्था. देऊळगाव राजा तालुक्यातला खडकपूर्णा प्रकल्प, पैनगंगेवरचं पेनटाकळी, मोताळा तालुक्यातलं नळगंगा, पूर्णेवरचं येलदरी, हे सगळे आपल्या टप्प्यातले जलाशय. दुसरा, पूरबचावाचं साहित्य ठेवणारं प्रशासन. जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पूर आला, तेव्हा बोटीची किंमत सगळ्यांना कळली. तिसरा, नौकाविहार चालवणारे.

हंगाम कोणता? पावसाळ्याच्या आधीचा, म्हणजे एप्रिल-मे. धरणात पाणी कमी होतं, खडक उघडे पडतात, बोटी घासतात. आणि त्याच वेळी पावसाळ्यापूर्वीची साहित्य तपासणीही सुरू होते. म्हणजे मार्चमध्येच फोन फिरवायला सुरुवात करायची.

लोणार सरोवराचं काय?

हा प्रश्न येणारच. सरोवर वन्यजीव अभयारण्यात आहे आणि २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळालाय. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही, म्हणून तिथल्या बोटिंगचं स्वप्न बाजूला ठेवा. पण हे सरोवर आपल्याला ॲल्युमिनियमबद्दल एक मोठा धडा देतं.

लोणारचं पाणी खारट तर आहेच, शिवाय ते अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच दहाच्या आसपास जातो. पूर्वी या सरोवरातून सोड्याचे क्षार काढले जायचे. आता घरातली गोष्ट आठवा. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात खायचा सोडा घालून काही उकळलं की पातेलं आतून काळं पडतं. ॲल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, तोच त्याचं चिलखत. पीएच साधारण ४ ते ८.५ च्या मध्ये असेपर्यंत हा थर टिकतो. त्यापलीकडे गेलं की थर विरघळायला लागतो आणि पाणी थेट धातू खातं.

यातून तुमच्या धंद्यासाठी तीन नियम निघतात. बोट धुण्याच्या सोड्याने किंवा कॉस्टिकने कधी धुवायची नाही. ताज्या ओल्या सिमेंट-काँक्रीटवर बोट ठेवायची नाही, कारण ओलं सिमेंटही अल्कधर्मी असतं. आणि बोट कुठल्या पाण्यात चालते, हे ग्राहकाला पहिल्या दिवशी विचारायचं. पाणी खारवट असेल तर पीएचची पट्टी बुडवून बघा. पट्टी स्वस्त असते.

हातोडा उचलण्याआधी

बोट दुकानात आली की पहिलं काम, चुंबक लावा. चिकटलं तर लोखंडी पत्रा, मग हा लेख त्या बोटीसाठी नाही. नाही चिकटलं तर पुढे चला.

बोट साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. इंजिन, पेट्रोलची टाकी, बॅटरी, फळ्या, सगळं बाहेर काढा. मग तळावर एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी लांबीत ठेवून बघा. मागच्या भागात तळ आत दबलेला असेल तर बोट पळताना नाक खाली घालते. तो पोचा दिसायला लहान असला तरी चालवणाऱ्यासाठी मोठा असतो. उलट मधला एखादा उथळ, गोलसर पोचा वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही.

आता भेगा शोधायच्या. डाय पेनिट्रंटचा स्प्रे असेल तर उत्तम. नसेल तर आपल्याकडची जुनी पद्धत आहेच, खडू आणि रॉकेल. पोच्याच्या एका बाजूला खडू घासून पांढरा थर द्या, दुसऱ्या बाजूला रॉकेल लावा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. भेग असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. ही तपासणी झाल्यावर रॉकेल पूर्ण पुसून, सॉल्व्हंटने साफ करून, सुकवूनच पुढचं काम करायचं. वेल्डिंगच्या ठिणगीजवळ रॉकेल नको.

तपासणी झाली की बोट या चारपैकी एका खान्यात टाका:

१. सोडून द्या. उथळ पोचा, भेग नाही, रिव्हेट घट्ट, पट्टीखाली तळ सरळ. ग्राहकाला सांगा, "भाऊ, याला हात लावायची गरज नाही." तपासणीचे पैसे घ्या. हा ग्राहक तुम्हाला आयुष्यभर विसरत नाही.

२. थंडपणे सरळ करा. पोचा खोल आहे, पण पत्रा फाटलेला नाही.

३. जोड द्या. भेग आहे, भोक आहे किंवा धारदार घडी पडलीय.

४. नाही म्हणा. आतल्या फासळ्या तुटल्यात, इंजिन बसवायच्या मागच्या भागाच्या सांध्यात भेग आहे, किंवा पत्र्यावर जागोजागी पांढरी भुकटी आणि खड्डे पडून पत्रा पातळ झालाय. हे काम बोट बनवणाऱ्या कारखान्याचं. नकारही कागदावर लिहून द्या.

पत्रा सरळ करताना

लोखंडाची सवय असलेल्या हाताला इथे काही गोष्टी बदलाव्या लागतात.

पहिली, उष्णता. लोखंड तापलं की लाल होतं, रंगावरून अंदाज येतो. ॲल्युमिनियम लाल होत नाही. ६६० अंशांना ते एकदम वितळून खाली पडतं. शिवाय बोटीचा पत्रा बहुतेक वेळा ५०५२ किंवा ५०८३ जातीचा असतो. त्याची बरीच ताकद कारखान्यात थंड लाटून आलेली असते. टॉर्चने तापवलं की पत्रा मऊ होतो, सहज वाकतो, पण ती ताकद परत येत नाही. म्हणून तळाचा पोचा काढताना टॉर्च बाजूला ठेवा.

दुसरी, हातोडा. लोखंडी हातोड्याने थेट मारलं की पत्रा ताणला जातो. लाकडी मोगरी किंवा नायलॉनचा हातोडा घ्या, मागे वाळूची घट्ट भरलेली पिशवी किंवा डेंटिंगची डॉली धरा. लोखंडावर वापरलेली डॉली आधी घासून स्वच्छ करा. लोखंडाचा कीस ॲल्युमिनियममध्ये रुतला की तिथूनच गंज खायला सुरुवात होते.

तिसरी, क्रम. खडकावर आपटून आलेला पोचा आत गेलेला असतो, म्हणून तो आतून बाहेर ढकलायचा. बोट उलटी करून लाकडी ओंडक्यांवर ठेवा आणि पट्ट्यांनी जमिनीला किंवा ट्रॉलीला बांधा. आता बोटीची आतली बाजू खाली आली. खालून गाडीचा जॅक लावा. जॅक आणि पत्र्याच्या मध्ये कडा गोल केलेली जाड लाकडी फळी ठेवा. जॅक थोडा चढवा, थांबा, बाहेरून पोच्याच्या कडेने मोगरी फिरवा. पुन्हा थोडा चढवा. कडेकडून मध्याकडे या. सगळ्यात खोल जागेवर पहिला घाव कधी घालायचा नाही.

आतली फासळी वाकली असेल तर आधी ती सरळ करा. फासळी वाकडी असताना पत्रा सरळ केला तर रात्रीतून पत्रा पुन्हा जागेवर जातो आणि सकाळी ग्राहक दारात उभा राहतो.

जॅक सोडला की पत्रा थोडा मागे येतो, त्यामुळे गरजेपेक्षा जरासा पुढे ढकलावा लागतो. हा अंदाज सरावानेच येतो. भंगारातून जुना ॲल्युमिनियम पत्रा आणून त्यावर मुद्दाम पोचे पाडा आणि काढा. ग्राहकाची बोट ही शिकण्याची जागा नाही.

आणि थांबायचं कुठे? तेलाच्या रिकाम्या डब्याचा तळ दाबला की "टक" करून आत जातो आणि सोडला की "टक" करून बाहेर येतो. बोटीचा पत्रा असं करायला लागला तर समजा की तो ताणला गेलाय. अजून ठोकलं तर आणखी ताणेल. नव्वद टक्के सरळ आणि घट्ट असलेला तळ, शंभर टक्के सरळ पण टकटक करणाऱ्या तळापेक्षा केव्हाही चांगला.

रिव्हेट, भेग आणि जोड

पत्रा सरळ झाला की आजूबाजूचा प्रत्येक रिव्हेट बोटाने दाबून बघा. हलला तर एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा धरायचा आणि दुसऱ्याने आतून ठोकून घट्ट करायचा. झिजलेला रिव्हेट ड्रिलने काढून नवा घाला. नवा रिव्हेट ॲल्युमिनियमचाच आणि पाण्यासाठीचा, बंद टोकाचा हवा, खाली पॉलियुरेथेन सीलंट लावून. हार्डवेअरच्या दुकानातला साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, त्यातून पाणी झिरपतं. लोखंडी किंवा तांब्याचा रिव्हेट तर नकोच. दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं.

भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा. टोकदार भेग पुढे पळते, गोल भोकापाशी ती थांबते. त्यानंतर आर्गॉन वेल्डिंग, म्हणजे एसी टिग. हे मशीन तुमच्याकडे नसेल तर लगेच कर्ज काढून घेऊ नका. खामगाव, जालना, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक भागात चौकशी करा, ॲल्युमिनियमचं काम करणारा वेल्डर शोधा आणि त्याच्याशी दर ठरवा. त्याला विचारायचे प्रश्न तीन: एसी टिग आहे का? ५३५६ ची फिलर रॉड आहे का? ॲल्युमिनियमसाठी स्टेनलेसचा वेगळा ब्रश ठेवता का? तिन्ही उत्तरं "हो" असतील तरच काम द्या. वेल्डिंगआधी सीटखालचा फोम काढून घ्या. तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

मोठं भोक असेल तर त्याच जातीचा, त्याच जाडीचा जोड घ्या. भांड्यांचा पत्रा मऊ असतो, तो इथे चालत नाही. जोडाचे कोपरे गोल करा. चौकोनी कोपऱ्यातून नवी भेग निघते. एम-सील आणि डांबर हे काठापर्यंत परत येण्यापुरते उपाय आहेत, त्यांना दुरुस्ती म्हणू नका आणि दुरुस्तीचे पैसेही घेऊ नका.

रंग द्यायचा तर ॲल्युमिनियमसाठीचा एच प्रायमर वापरा. लोखंडाचा प्रायमर इथे धरत नाही. तांबं असलेला शेवाळरोधक रंगही नको.

पाण्याची चाचणी

बोट सरळ करून सगळीकडून आधार द्या आणि आत पाणी भरा. पण जपून. चार मीटर लांब, सव्वा मीटर रुंद बोटीत दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे ५०० लिटर, म्हणजेच ५०० किलो वजन! आधार नीट नसेल तर आत्ताच सरळ केलेला तळ पुन्हा वाकेल. चार-पाच सेंटीमीटर पाणी पुरतं. बाहेरून कोरडं वर्तमानपत्र लावून ओल शोधा, निदान तासभर थांबा. त्यानंतर उथळ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, आधी रिकामी आणि मग वजन ठेवून चाचणी घ्या. ग्राहक समोर असतानाच घ्या.

हिशेब

खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर तुम्ही टाका. समजा एक पोचा, सहा सैल रिव्हेट आणि एक दोन इंची भेग आहे.

- मजुरी: २ माणसं × दीड दिवस × ₹८०० = ₹२,४००
- बाहेरचं टिग वेल्डिंग: ₹१,२००
- वाहतूक: ₹१,०००
- रिव्हेट, सीलंट, प्रायमर: ₹९००
- चाचणी, वीज, हत्यारांची झीज: ₹५००

एकूण खर्च ₹६,०००. त्यावर ३० टक्के नफा ₹१,८००. ग्राहकाला दर ₹७,८००, त्यातले निम्मे ₹३,९०० आगाऊ.

आता बघा, गडबडीत कोणी म्हणालं, "दादा, ठोकून तर द्यायचंय, दोन हजार घ्या," आणि तुम्ही मान हलवली, तर चार हजार तुमच्या खिशातून गेले. किंवा तुम्ही भेगेकडे काणाडोळा केला आणि खरोखर फक्त ठोकून दिलं. पहिल्यात दुकान बुडतं, दुसऱ्यात माणूस.

कागद

प्रत्येक बोटीचं जॉब कार्ड करा: आधीचे फोटो, सापडलेले दोष, काय केलं, काय केलं नाही, पाण्याची चाचणी किती वेळ घेतली, ग्राहकाची सही. बोट इंजिनवर चालणारी असेल तर अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार नोंदणी आणि सर्वेक्षणाचा विषय येतो. मालकाला तिची कागदपत्रं विचारा आणि मोठी दुरुस्ती असेल तर आधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्यायला सांगा. तुम्ही सर्वेक्षक नाही. "बोट सुरक्षित आहे" असं प्रमाणपत्र तुम्ही द्यायचं नाही, तुम्ही केलेल्या कामाचीच हमी द्यायची.

उद्यम नोंदणी मोफत होते, ती करून घ्या. घरात पिढीजात बोट बांधायचं काम असेल तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत बोट बनवणाऱ्यांचाही समावेश आहे. त्यात प्रशिक्षण, ₹१५,००० पर्यंतची हत्यारं आणि सवलतीच्या व्याजाचं कर्ज आहे. सध्याच्या अटी जवळच्या सीएससी केंद्रात बघून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

मशीन विकत घेऊ नका, बोर्ड रंगवू नका. तीन कामं करा. भंगारातून एक ॲल्युमिनियम पत्रा आणून त्यावर पाच पोचे काढा. टिगवाला एक वेल्डर शोधून त्याचा दर वहीत लिहा. आणि जवळच्या जलाशयावर जाऊन मासेमारी संस्थेच्या अध्यक्षांना भेटा, "काका, बोट बिघडली की सध्या कुठे नेता?" एवढंच विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. ते म्हणाले "कुठेच नेत नाही, तशीच चालवतो," तर समजा की तुमच्या कामाची गरज तिथे आहे. त्या बोटीत रोज पहाटे कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस बसतो, हे लक्षात ठेवून दर सांगा आणि काम करा.